हरणाबाईचा कान

हरणाबाईनं चारुशीलाबाईंना सगळ्यात आधी विचारलं ते हे: "बाई, तुमच्यात भाकरी रोज व्हती का पोळ्या?"

चारुशीलाबाई जरा गोंधळल्या. ओटा बांधायला आलेल्या माणसांनी असं काही विचारावं, हे त्यांना अपेक्षित नव्हतं. "भाकरीच जास्त," त्या म्हणाल्या. "पोळ्या सणावारी."

"मंग हितं उभ्या ऱ्हावा. परात घिऊन या."

हरणाबाईनं स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून विटा रचल्या, वर फरशीचा एक तुकडा ठेवला, आणि बाईंना उभ्यानं भाकरी थापून दाखवायला सांगितलं. लिंबाजी मिस्त्री शेजारी मापाचा लाकडी गज धरून उभा होता. त्यानं स्वतःच्या कमरेवरून उंची धरली होती. बाईंनी पिठाचा गोळा परातीत घेतला आणि दोन थापा मारल्या, तेवढ्यात त्यांचे खांदे वर उचलले गेले. हरणाबाईनं एक वीट काढली. पुन्हा थापा. मग दुसरी काढली. तिसऱ्या खेपेला बाईंचा हात सैल पडला आणि भाकरी गरगर फिरू लागली. हरणाबाईनं कोळशानं भिंतीवर रेघ ओढली.

"हितं," ती म्हणाली. "हितनं वर न्हाय."

महाराष्ट्र राज्य होऊन एक वर्ष झालं होतं. उभा ओटा धाराशिवात तेव्हा एखाद-दुसऱ्या वकिलाच्या घरी असेल तेवढाच. बाकी सगळ्या बाया चुलीपुढं पाटावर बसूनच रांधत. चारुशीलाबाई कन्याशाळेत शिक्षिका होत्या. मुलींची सहल घेऊन त्या रामलिंगला गेल्या आणि तिथल्या पायऱ्यांवरून घसरल्या. गुडघा मोडला. हाड सांधलं, पण गुडघा वाकायचा बंद झाला. पाच महिने त्या एका खोक्यावर वातीचा स्टोव्ह ठेवून, पाय एका बाजूला लांब करून स्टुलावर बसून कसाबसा स्वयंपाक करत होत्या. त्यांचे यजमान राघवेंद्रराव कलेक्टर कचेरीत कारकून. माणूस मनाचा चांगला, पण बोलायला तिखट. त्यांनी सोलापूरला कुणाच्या तरी घरी ओटा पाहिला आणि मनावर घेतलं. येडशीच्या व्यापाऱ्याला निरोप धाडून शहाबादी फरश्या परस्पर बैलगाडीनं मागवल्या. त्यातली एक चांगली सहा फूट लांब होती, खिडकीखाली एकसंध बसावी म्हणून. मग लिंबाजी मिस्त्रीला बोलावणं गेलं.

लिंबाजी मूळचा माकणीचा. रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून तो शहाबादकडं गेला आणि तिथल्या खाणीवर बसप्पा नावाच्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली सात वर्षं राहिला. दगड कसा कापावा, कडा कशी काढावी, सगळं बसप्पानं शिकवलं. पण बसप्पाचा सगळा भरवसा कानावर. फरशी उभी करायची, हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकायची, आणि ऐकायचं. खण्ण वाजली तर दगड एकजीव. बद्द वाजली तर आत कुठंतरी चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो. पाणी मारून चीर शोधणाऱ्यांना बसप्पा हसायचा. म्हणायचा, ते काम धुणं धुणाऱ्यांचं.

खाणीत सात वर्षं सुरुंग उडत होते. त्याची किंमत लिंबाजीच्या कानांनी दिली, पण लगेच नाही. हळूहळू, वर्षावर वर्ष.

हे हरणाबाईला कळलं ते लोहाऱ्यात एका शाळेच्या व्हरांड्याला फरशी घालताना. ती तेव्हा नवऱ्यासोबत चुना कालवायला, पाणी ओतायला जायची. लिंबाजीनं एक फरशी ठोकली. हरणाबाईच्या कानाला आवाज स्पष्ट आला, फुटक्या घागरीसारखा. लिंबाजी म्हणाला, "बेस हाय. घाल." तिला वाटलं, चेष्टा करतोय. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चेष्टा नव्हती.

त्या दिवसापासून ती लक्ष देऊ लागली. मागून काही बोललं तर तो ऐकायचा नाही. समोरून बोललं तर ओठांकडं बघायचा आणि नेमकं कळलं नाही की "व्हय, व्हय" म्हणायचा. शेजारीण एकदा म्हणाली, तुझा नवरा लई गरीब झालाय गं, कशालाच न्हाय म्हणत न्हाय. हरणाबाई वरवर हसली. दगडावर जगणाऱ्या माणसाला दगड ऐकू येत नाही, हे गावात पसरलं तर त्याच्या हाताला काम कोण देणार?

पुढच्या कामावर तिनं फरश्या स्वतः ठोकायला सुरुवात केली. "मला हौस हाय," ती म्हणाली. चांगल्या फरश्या ती उन्हात मांडायची, वाईट भिंतीकडं सारायची. लिंबाजी उन्हातल्या उचलायचा. तीन वर्षं असंच चाललं. त्या तीन वर्षांत त्याच्या हातून एकही फरशी फुटली नाही आणि त्याबद्दल दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

राघवेंद्ररावांच्या अंगणातही तिनं तेच केलं. दोन फरश्या ठोकून पाहिल्या, दोन्ही खणखणीत. तिसरी, ती सहा फुटी, तिनं भिंतीला टेकवून उभी केली तेवढ्यात राघवेंद्रराव कचेरीतून आले. सोबत शेजारचे तात्या होते. उंचीचं माप मिस्त्रीच्या बायकोनं घेतलं हे त्यांनी सकाळी पाहिलंच होतं. आता हे.

"काय मिस्त्री," ते मोठ्यानं म्हणाले, "कारागीर तुम्ही का तुमची कारभारीण? माप ती घेते, फरशी ती वाजवते. तुम्ही नुसते गज धरायला आलात काय?"

तात्या खो-खो हसले. राघवेंद्रराव समोरच उभे होते, आवाज चढा होता. लिंबाजीला यातला शब्द न् शब्द कळला. त्यानं हरणाबाईच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि म्हणाला, "जा, चुना बघ."

"ही एक ऱ्हायलीय," ती हळूच म्हणाली.

"जा म्हनलं ना!"

संध्याकाळी घरी जाताना तो पुढं चालत होता, ती मागं. घराच्या दाराशी तो वळला. "उद्या तू येऊ नगंस," तो म्हणाला. "एका मान्साचं काम हाय."

लांबडी फरशी ठोकायची राहिलीय, हे हरणाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा इतका उतरला होता, की तिला ते बोलवेना.

दुसऱ्या दिवशी ती जोंधळे निवडत बसली होती. हात सुपात, जीव त्या भिंतीला टेकवलेल्या फरशीत. ऊन डोक्यावर यायच्या आत लिंबाजी परत आला. पिशवी कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले, आणि भिंतीला टेकून बसला. तिनं भाकरी वाढली. त्यानं ताट सरकवलं.

"फुटली," तो म्हणाला.

"कोंची?"

"लांबडी."

तिनं पुढं विचारलं नाही. तिला सगळं दिसत होतं. त्यानं फरशी ठोकली असणार, मान हलवली असणार, जादा टोक उडवायला छन्नीनं रेघ पाडली असणार, आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला दगड रेघ सोडून आपल्या वाटेनं गेला असणार. तिला नवऱ्याचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. ठोकायला कितीसा वेळ लागला असता? बोलणी खाऊनही ती तिथंच उभी राहिली असती तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजी निघाला आणि न विचारता हरणाबाई मागोमाग निघाली. त्यानं एकदा मागं पाहिलं. हाकललं नाही.

राघवेंद्रराव ओसरीवरच होते. "या," ते म्हणाले. "मी तुमचीच वाट बघत होतो. सहा फुटी फरशी पुन्हा यायची म्हणजे महिना मोडला. तोवर हिनं त्या खोक्यापुढंच बसायचं का? हत्यारं घेऊन जा, मिस्त्री. सोलापूरहून मी दुसरा माणूस बोलावतो."

लिंबाजी सरळ आत गेला. स्वयंपाकघरात फरशीचे दोन तुकडे पडले होते, एक मोठा, एक लहान. तो त्यांच्यापाशी उकिडवा बसला, दाराकडं पाठ करून, आणि तुटलेल्या कडेवरून बोटं फिरवू लागला. "दगूडच खराब निगाला," तो म्हणाला, कुणाला तरी, भिंतीला.

चारुशीलाबाई स्टुलावर बसल्या होत्या. राघवेंद्रराव दारात येऊन उभे राहिले. हरणाबाई उंबऱ्यापाशी होती, नवऱ्यापासून चार हातांवर. तिनं पदर सावरला.

"दगूड खराब व्हता हे खरंय, सायेब," ती म्हणाली. "पर ते कापायच्या आदीच कळाया पायजे व्हतं. म्या ठोकली असती तर कळलं असतं. तुमी चेष्टा केलीत म्हनून ऱ्हायलं. ह्यास्नी ऐकू येत न्हाय. तीन वर्सं झाली."

ती हळू आवाजात बोलली नव्हती. घरात बोलतात तसंच बोलली होती. बोलून झाल्यावर तिची नजर नवऱ्याच्या पाठीवर गेली. आता तो वळेल, उठेल, काय करेल कोण जाणे.

लिंबाजी वळला नाही. त्याची बोटं कडेवरून तशीच फिरत राहिली. एका जागी थांबली, तिथली कपची त्यानं नखानं काढली, फुंकर मारली, आणि बोटं पुन्हा पुढं सरकली.

राघवेंद्रराव बघत राहिले. "मिस्त्री," त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "लिंबाजी मिस्त्री!" माणूस आपल्याच नादात होता. राघवेंद्ररावांनी हरणाबाईकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

चारुशीलाबाई उठल्या. काठी टेकत, पाय ओढत त्या फरशीला वळसा घालून लिंबाजीच्या समोर गेल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीशी बोलावं तशा त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"मिस्त्री, हेच तुकडे जोडता येतील?"

लिंबाजीनं त्यांच्या ओठांकडं पाहिलं. "येतील बाई. पर सांदा दिसंल."

"दिसू दे. पाणी मुरता कामा नये आणि हाताला लागता कामा नये. एवढं जमेल?"

"जमंल."

"आणि हरणाबाईंनी ठोकून बघितल्याशिवाय या घरात छन्नी लागायची नाही."

लिंबाजीची मान वर झाली. त्यानं बाईंकडं पाहिलं, दारातल्या राघवेंद्ररावांकडं पाहिलं, शेवटी बायकोकडं. त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तो उठला आणि अंगणात निघून गेला.

हरणाबाईला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं अंगणातून वाळू चाळल्याचा आवाज आला.

दुपारी दोघं अंगणातल्या लिंबाखाली भाकरी सोडून बसले.

"कदीपासनं ठावं हाय तुला?" त्यानं विचारलं.

"लोहाऱ्याच्या शाळंपासनं."

"म्हंजी समदी तीन वर्सं." त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मला वाटत व्हतं, तुला ठावं न्हाय. म्या लई जपत व्हतो. आन तू हौसंनं यितीस असं वाटत व्हतं."

"हौस बी हाय," हरणाबाई म्हणाली.

पुढचे दोन दिवस तो अबोला धरूनच होता. कामाचं असेल तेवढं हातानं दाखवायचा. ती समजून होती. पण फरशीच्या कडा घासायचं काम एकट्याचं नव्हतंच. छन्नीनं दोन्ही तुटक्या बाजू सरळ करून झाल्यावर त्या गुळगुळीत करायच्या होत्या. खाली एक सपाट दगड, त्यावर वाळू आणि पाणी, आणि वर उभी धरलेली फरशी. एका टोकाला तो, एका टोकाला ती. तो ओढायचा तेव्हा तिनं सोडायचं, ती ओढायची तेव्हा त्यानं. न बोलताही दोघांचा मेळ चुकला नाही, पंचवीस वर्षांचा संसार होता. दोन दिवस सगळ्या आळीला तो खर्र-खर्र आवाज ऐकू येत होता. लिंबाजीला तो हातात जाणवत होता. वाळू जाड पडली की तो आधी थांबायचा, तिच्याही आधी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही कडा एकमेकींना भिडवून दारात उन्हापुढं धरल्या. फटीतून प्रकाश आला नाही. राघवेंद्रराव कचेरीला निघाले होते, ते चपला घालता घालता थांबले. खाली वाकून त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. "अजिबात दिसत नाही हो," ते म्हणाले. मग लिंबाजीच्या समोर येऊन, त्याला दिसेल असं, त्यांनी पुन्हा सांगितलं, "मिस्त्री, अजिबात दिसत नाही." त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल ते कधी माफी मागणार नव्हते, तो त्यांचा पिंडच नव्हता. पण सांगितलं तेवढं हरणाबाईला पुरेसं वाटलं.

सांधा कुठं घ्यायचा यावर मात्र बोलणं झालंच. स्टोव्हच्या खाली नको, आचेनं उकलेल. खिडकीच्या टोकाला भांडी घासायची, तिथंही नको, पाणी लागेल. मधल्या भागात, जिथं बाई परात ठेवणार, तिथं लिंबाजीनं खाली विटांची आडवी भिंत उचलली आणि दोन्ही तुकड्यांच्या कडा तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या टेकवल्या. हरणाबाईनं त्याच फरशीचा भुगा लुगड्याच्या फडक्यातून गाळला, सिमेंटात मिसळला, आणि ते काळपट निळं लगद्यासारखं मिश्रण त्यानं पत्र्याच्या पातीनं सांध्यात भरलं. कोपऱ्यातली आखूड फरशी कापताना भिंत तिरकी निघाली, काटकोनाचा गुण्या बसेना. तेव्हा त्यानं जुनं वर्तमानपत्र कोपऱ्यात दाबून बसवलं, घडी पाडून भिंतीचा नेमका आकार कागदावर उतरवला, आणि कागद दगडावर ठेवून कापलं. फरशी कोपऱ्यात अशी गेली, की राघवेंद्ररावांनी टाळीच वाजवली. लिंबाजीनं टाळी वाजवणारे हात पाहिले आणि ओशाळून हसला.

आठ दिवस ओलं पोतं टाकून ठेवलं. नवव्या दिवशी चारुशीलाबाईंनी ओट्यापुढं उभं राहून पहिली भाकरी थापली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी धुरावर ढकललं. पण स्टोव्हला कसला धूर. हरणाबाईनं सांध्यावरून तळहात फिरवला. डोळे मिटले असते तर सांधा कुठं आहे हे तिलाही सांगता आलं नसतं. बघितलं तर केसाएवढी रेघ दिसत होती.

त्या ओट्याचा बोभाटा झाला. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, वनमालाबाई, महिन्याभरातच ओटा मागू लागल्या. या वेळी लिंबाजीनं फरश्या परस्पर मागवू दिल्या नाहीत. "आमी सोता जाऊन आणतो," तो म्हणाला. आमी म्हणाला, हे हरणाबाईच्या ध्यानात आलं.

येडशी टेसणावर नॅरोगेजच्या लहान गाडीनं आलेल्या फरश्या रुळाच्या कडेला थप्पी लावून ठेवत. व्यापाऱ्याचा मुनीम मारवाडी फेटा बांधून खाटेवर बसला होता, आजूबाजूला गाडीवान, हमाल, गिऱ्हाइकं. हरणाबाई एकेक फरशी ठोकत चालली होती. पाचवी तिनं ठोकली, पुन्हा ठोकली, आणि म्हणाली, "ही न्हाय."

मुनीम उठून आला. त्यानं स्वतः हातोडी घेऊन ठोकली. "काय वाईट आहे हिच्यात? चांगली वाजते की."

"बद्द वाजती."

"बाई, इथं मी दहा वर्षं आहे." मुनीम हसला आणि लिंबाजीकडं वळला. भोवतीची माणसं बघायला लागली. "मिस्त्री तुम्ही आहात. तुम्हीच ठोका आणि तुम्हीच सांगा. चांगली का वाईट?"

त्यानं हातोडी पुढं केली. हरणाबाई मध्ये काही बोलणार, एवढ्यात लिंबाजीनं हातोडी घेतली. तो फरशीपुढं उभा राहिला. ठोकली नाही. हातोडीचा दांडा त्यानं बायकोच्या हातात दिला.

"मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज जसा जरा जास्तच चढतो, तसा त्याचा चढला आणि टेसणावर सगळ्यांना ऐकू गेला. "खाणीत कान गेलं. तिला इचारा. ती सांगंल ते खरं."

कुणी हसलं नाही. एक म्हातारा गाडीवान पुढं आला आणि म्हणाला, "आसं व्हय?" मुनीमानं खांदे उडवले आणि ती फरशी बाजूला सारायला सांगितली. खरी-खोटी करण्यासाठी तिथं कुणी ती फोडली नाही. हरणाबाईलाही त्याची गरज वाटली नाही.

तिनं उरलेल्या फरश्या ठोकल्या. निवडलेल्या नऊ फरश्या गाडीत पेंढ्यावर उभ्या रचल्या, मध्ये पोती घातली. परतीच्या वाटेवर लिंबाजी गाडीवानाशेजारी न बसता मागं येऊन तिच्यासमोर बसला, तिचं तोंड दिसेल असा.

"वनमालाबाई उच्च्या हायेत का ठेंगण्या?" त्यानं विचारलं.

"उच्च्या हायेत," हरणाबाई म्हणाली. "पर त्यांच्यात पोळ्या असत्यात. येगळं माप घ्यावं लागंल."

तो मान हलवून "व्हय" म्हणाला. मग त्यानं एका फरशीवर हात ठेवला आणि गाडी खडीवरून हेलकावे खात होती तोवर दगडाची थरथर तळहातावर घेत तो तसाच बसला.